सिस्टिम डायनॅमिक्सचा संयुक्त आंतरराष्ट्रीय मास्टर्स: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

परदेशी विद्यापीठाबरोबर संयुक्त पदवी सुरू करायची ठरली की बहुतेक विभागांत कामाला उलटीकडून सुरुवात होते. आधी शिष्टमंडळाची भेट, मग सामंजस्य करार, मग बातमी, आणि अभ्यासक्रम सगळ्यांत शेवटी. तो दोन्हीकडच्या तयार पेपरांची यादी जोडून बनवला जातो. मग प्रस्ताव विद्या परिषदेत अडकतो, किंवा पार पडला तरी विद्यार्थी तीन देशांत तीनदा 'साठा आणि प्रवाह' (काय साचतं, आणि त्यात काय येतं-जातं) हाच पाया शिकतो आणि एकही मॉडेल नीट तपासायला न शिकता पदवी घेतो.

सिस्टिम डायनॅमिक्स म्हणजे काळानुसार बदलणाऱ्या गुंतागुंतीच्या व्यवस्थांचं संगणकावर मॉडेल बांधून त्यांचा अभ्यास करणं. या विषयाला हा उलटा क्रम जास्त बाधतो, कारण तो पायरीवर पायरी चढणारा आहे. साठा कळल्याशिवाय फीडबॅक (परिणामानं उलट फिरून कारणावरच असर करणं) कळत नाही आणि फीडबॅक कळल्याशिवाय धोरणाची चाचणी घेता येत नाही. खालचा क्रम महाराष्ट्रातलं विद्यापीठ किंवा स्वायत्त संस्था आणि युरोपातले एक-दोन भागीदार गृहीत धरून दिला आहे. नमुना म्हणून 'युरोपियन मास्टर इन सिस्टिम डायनॅमिक्स' समोर ठेवला आहे. नॉर्वेतलं बर्गन, इटलीतलं पालेर्मो, पोर्तुगालमधलं नोव्हा लिस्बन आणि नेदरलँड्समधलं राडबाउड या विद्यापीठांनी मिळून चालवलेला तो दोन वर्षांचा, १२० ईसीटीएस श्रेयांकांचा अभ्यासक्रम आहे (ईसीटीएस म्हणजे युरोपातली श्रेयांक, अर्थात क्रेडिट, मोजण्याची पद्धत).

टप्पा १ : शेवटच्या दिवशी विद्यार्थ्याला काय यायला हवं, ते एका पानावर लिहा

हे पान भागीदाराला पहिला ईमेल जाण्याआधी तयार हवं. त्यात विषयांची नावं नकोत, कामं हवीत. उदाहरणार्थ:

- अडचणीचा काळानुसार आलेख काढून ती मांडणे
- तीस-चाळीस समीकरणांचं मॉडेल स्वतः बांधणे, प्रत्येक समीकरणाची एककं जुळवणे
- टोकाच्या परिस्थितीत मॉडेल वेडंवाकडं वागत नाही ना, हे तपासणे
- ज्यांचा प्रश्न आहे त्या माणसांना एकत्र बसवून त्यांच्याबरोबर मॉडेल उभं करणे
- 'ही उपाययोजना कुठे फसेल' हे आकडे आणि आलेखांनिशी सांगणे

याच पानावर एक खरा प्रश्न नेमून टाका, जो पहिल्या सत्रापासून प्रबंधापर्यंत विद्यार्थ्यासोबत राहील. माझ्या मते आपल्याकडे यासाठी कांद्याइतका चांगला प्रश्न सापडणार नाही. भाव चढले की लागवड वाढते. पीक हाती यायला काही महिने जातात. तेव्हा सगळ्यांचाच माल एकदम लासलगावच्या बाजारात उतरतो आणि भाव कोसळतो, मग पुढच्या हंगामात लागवड आटते. साठा (चाळीतला कांदा), प्रवाह (आवक, विक्री, सड), विलंब आणि फीडबॅक असं सगळं एका पिकात सापडतं. निर्यातीच्या धोरणातले बदल हा धोरण-चाचणीसाठी तयार विषय. मराठवाड्यातलं भूजल हा दुसरा चांगला पर्याय.

तपासा : हे पान विषयाबाहेरच्या एखाद्या प्राध्यापकाला वाचायला द्या. 'हा विद्यार्थी नोकरीत काय करील?' याचं उत्तर त्यांना देता आलं नाही, तर पान पुन्हा लिहा.

टप्पा २ : पदवीचा प्रकार ठरवा आणि श्रेयांकांचं गणित कागदावर करा

सगळ्यांत जास्त प्रस्ताव इथे चुकतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या नियमावलीत तीन प्रकार आहेत. ट्विनिंगमध्ये पदवी भारतीय संस्थेची असते आणि परदेशातले श्रेयांक जास्तीत जास्त ३० टक्के. संयुक्त पदवीत अभ्यासक्रम दोघांनी मिळून आखायचा, प्रमाणपत्र एकच, आणि दोन्ही संस्थांकडून प्रत्येकी किमान ३० टक्के श्रेयांक. दुहेरी पदवीत दोन्ही संस्था एकाच अभ्यासक्रमासाठी स्वतंत्र पदव्या देतात आणि भारतीय संस्थेकडचे श्रेयांक किमान ३० टक्के लागतात. ऑनलाइन किंवा दूरशिक्षणातून हे करता येत नाही. फ्रँचायझी पद्धतीलाही बंदी आहे.

आता गणित. राज्यातल्या विद्यापीठांत नव्या धोरणानुसार दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ८८ श्रेयांक, म्हणजे सत्राला २२. त्याचे ३० टक्के होतात २६.४. भारतात एकच सत्र ठेवलं तर हाती येतात २२, म्हणजे २५ टक्के. युरोपीय मोजणीतही हेच होतं: १२० चे ३० टक्के ३६ आणि एक सत्र ३० चं. 'एक सत्र इथे, तीन तिथे' ही मांडणी ऐकायला सुटसुटीत वाटते, पण संयुक्त किंवा दुहेरी पदवीसाठी ती नियमात बसत नाही. उरलेले श्रेयांक प्रबंधाच्या मार्गदर्शनातून, उन्हाळी कार्यशाळेतून किंवा क्षेत्रकार्यातून भारतीय संस्थेच्या खाती यायला हवेत, आणि ते अभ्यासक्रमाच्या तक्त्यात स्पष्ट दिसायला हवेत.

भागीदार वाढले की गणित आणखी घट्ट होतं. प्रत्येकी ३० टक्के म्हटल्यावर तीन संस्थांतच ९० टक्के संपतात आणि चौथीला जागा उरत नाही. म्हणून चार विद्यापीठांचा गट करायचा असेल तर कोणती पदवी कोण देणार, हे आधी ठरवा. इतर संस्था केवळ शिकवण्यात सहभागी होतील, पदवीत नाही, असंही ठरवता येतं.

दुसरी ठेच रूपांतराची. 'आपला एक श्रेयांक म्हणजे दीड ईसीटीएस' हा हिशेब ८० श्रेयांकांच्या अभ्यासक्रमाला बरोबर लागतो, कारण ८० चे १२० होतात. ८८ ला तोच लावला तर १३२ होतात आणि भागीदाराचं परीक्षा कार्यालय फाइल परत पाठवतं. तासांनीही मेळ बसत नाही: आपले २२ श्रेयांक ३० तासांप्रमाणे ६६० तासांचे, तर ३० ईसीटीएस २५ ते ३० तासांप्रमाणे ७५० ते ९०० तासांचे. यावर चालणारा मार्ग एकच. सत्रास सत्र समान धरा, पेपरास पेपर कधीच नाही, आणि ते वाक्य करारात लिहा.

इशारा : परदेशी भागीदार जागतिक क्रमवारीत पहिल्या १,००० मध्ये असेल, आणि आपल्या संस्थेचा नॅकचा गुणांक किमान ३.०१ असेल, किंवा ती राष्ट्रीय क्रमवारीत विद्यापीठांच्या पहिल्या शंभरात असेल, किंवा तिला 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स'चा दर्जा असेल, तरच आयोगाच्या स्वतंत्र मंजुरीशिवाय पुढे जाता येतं. नॅकची मुदत अर्ज करतानाच नव्हे, तर अभ्यासक्रम सुरू होताना शिल्लक आहे का, हेही पाहा. अभ्यासक्रम तांत्रिक शाखेखाली दाखवला तर त्या शाखेच्या वैधानिक परिषदेची मान्यता वेगळी लागते. त्यामुळे 'एमएस्सी म्हणायचं की एमटेक' हा प्रश्न नावापुरता राहत नाही.

टप्पा ३ : भागीदार कौशल्यावरून निवडा

टप्पा १ चं पान घ्या आणि प्रत्येक कामापुढे 'हे आपल्याकडे कोण शिकवू शकतं?' याचं उत्तर लिहा. रिकाम्या राहिलेल्या जागा भरणारा भागीदार शोधा. वर दिलेल्या युरोपीय गटात हे स्पष्ट दिसतं: बर्गनची ताकद मॉडेलिंगच्या पायाभूत शिक्षणात, पालेर्मोची सार्वजनिक व्यवस्थापनात, नायमेखन शहरातल्या राडबाउडची गटाबरोबर मॉडेल बांधण्यात. चौघेही एकच गोष्ट शिकवत असते तर चौघांची गरज पडली नसती.

आपली ताकद सांगताना संकोच करू नका. पाणी, शेतमाल, शहरांची वाढ, सार्वजनिक आरोग्य असे जिवंत प्रश्न आणि ते जगणारी माणसं तासाभराच्या अंतरावर असणं, ही गोष्ट युरोपातल्या विभागाला सहज मिळत नाही. भारतातलं सत्र 'उरलेले पेपर' म्हणून ठेवलं तर परदेशी विद्यार्थी इथे येणारच नाहीत आणि अभ्यासक्रम एकेरी वाहतूक होऊन बसेल.

तपासा : भागीदार विभागात हा विषय शिकवणारे किमान दोन कायम प्राध्यापक आहेत का? एकाच व्यक्तीच्या उत्साहावर उभा असलेला अभ्यासक्रम ती व्यक्ती निवृत्त झाली की बंद पडतो.

टप्पा ४ : सत्रांची साखळी बांधा

सगळे शिक्षक एका टेबलाभोवती बसवूनच हे काम करा. ईमेलवर होत नाही.

पहिलं सत्र फक्त पायाचं. साठा, प्रवाह, एककं, फीडबॅक, विलंब, छोटी मॉडेलं. सॉफ्टवेअर उघडण्याआधी आलेख हातानं काढून घ्या: नळातून येणारं आणि मोरीतून जाणारं पाणी दिलं आहे, आता टबातल्या पाण्याची पातळी काढा. २००० साली प्रसिद्ध झालेल्या बूथ स्वीनी आणि स्टरमन यांच्या अभ्यासात एमआयटीचे विद्यार्थीसुद्धा या सोप्या प्रश्नात अडखळले होते. म्हणून 'आमची मुलं अभियांत्रिकीची आहेत, त्यांना हे येतंच' असं मानून हा भाग गाळू नका.

नेहमीची चूक : पहिल्याच आठवड्यात बाणांच्या कारण-परिणाम आकृत्या शिकवणं. त्या दिसायला छान असतात, विद्यार्थी खूश होतात. पण त्यांत साठा कोणता आणि प्रवाह कोणता हे दिसत नाही, आणि ती सवय लागली की नंतर मोडायला त्रास होतो. आकृत्या शिकवा, पण साठा-प्रवाह पक्के झाल्यावर.

दुसरं सत्र भारतात ठेवण्याचा माझा आग्रह आहे, आणि त्याला हंगामाचं कारण आहे. जानेवारी ते मे या काळात रब्बी कांदा निघतो, चाळींत भरला जातो, बाजार समितीत रोज लिलाव चालतात. विद्यार्थी पहिल्या सत्रातलं छोटं मॉडेल घेऊन येतो आणि इथे ते खऱ्या आकड्यांवर घासतो: आवक, भाव, सड, साठवणूक. मॉडेल-चाचणीचा पेपर याच सत्रात हवा. टोकाची चाचणी (पाऊस शून्य, लागवड शून्य), संवेदनशीलतेची चाचणी, गणनेचा कालखंड निम्मा केल्यावर उत्तर बदलतं का याची चाचणी. विद्यार्थ्याचं मॉडेल साठा उणे दाखवत असेल, म्हणजे चाळीत वजा दोनशे टन कांदा, तर त्याला पुढे जाऊ देऊ नका.

शेतकरी आणि अडते यांच्याशी बोलणं मराठीत होईल. परदेशी विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटात मराठी जाणणारा एक विद्यार्थी असणं सक्तीचं करा, आणि दुभाष्याचं काम श्रेयांकांत धरा. नाहीतर तोच मुलगा सत्रभर फुकट राबतो आणि त्याचं स्वतःचं मॉडेल मागे पडतं.

तिसरं सत्र गटाबरोबर मॉडेल बांधण्याचं आणि धोरण-रचनेचं. चौथं सत्र प्रबंधाचं. दोन मार्गदर्शक, दोन वेगळ्या संस्थांचे. टप्पा २ मधले कमी पडणारे श्रेयांक इथे भरून काढायचे असतील, तर भारतीय मार्गदर्शकाच्या वाट्याचं काम आणि त्याचं मूल्यमापन वेगळं दाखवा. नुसतं नाव लावून श्रेयांक मिळत नाहीत.

प्रत्येक सत्राच्या शेवटी पुढच्या विद्यापीठाला एक हस्तांतर-पत्रक जायला हवं: काय शिकवलं, कोणत्या सॉफ्टवेअरवर, कोणत्या चाचण्या झाल्या, विद्यार्थी कुठे कच्चे राहिले. दोन पानं पुरतात. पण ती नसतील तर पुढचा शिक्षक सुरक्षित मार्ग धरतो आणि पुन्हा पहिल्यापासून शिकवतो. आयोगाच्या नियमावलीतही दोन संस्थांच्या श्रेयांकांत अभ्यासघटकांची पुनरावृत्ती नसावी, अशी अट आहे.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. एक विद्यापीठ स्टेला वापरतं, दुसरं व्हेन्सिम. मॉडेलांची देवाणघेवाण करण्यासाठी एक्समाइल नावाचं खुलं मानक आहे, पण प्रत्येक फंक्शन जसंच्या तसं उतरेल असं धरून चालू नका. पहिल्या सत्राआधी एक नमुना मॉडेल सगळ्या विद्यापीठांतून फिरवा आणि सगळीकडे तोच आलेख येतो का ते पाहा. परवाना विद्यार्थ्याच्या नावावर पूर्ण दोन वर्षांचा घ्या. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेपुरता घेतला तर देश बदलताच त्याचं काम थांबतं.

टप्पा ५ : वेळापत्रक आणि व्हिसा

आता भिंतीवर सगळ्या भागीदार देशांची कॅलेंडरं लावा. नॉर्वेत शरद सत्र ऑगस्टच्या मध्यात सुरू होतं. नेदरलँड्समध्ये सप्टेंबरात, आणि पहिलं सत्र जानेवारीअखेरपर्यंत लांबतं. इटलीत परीक्षा फेब्रुवारीपर्यंत चालतात. म्हणजे पहिलं सत्र इटलीत आणि दुसरं भारतात ठेवलं, तर विद्यार्थी इथल्या वर्गात दीड महिना उशिरा येणार. सत्रांचा क्रम ठरवताना हे आधी बघा.

आपल्याकडच्या पदवी परीक्षांचे निकाल लांबतात, आणि व्हिसासाठी अंतिम गुणपत्रक आणि पदवीचं तात्पुरतं प्रमाणपत्र लागतं. म्हणून परदेशात सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमाला शेवटच्या वर्षातल्या विद्यार्थ्यांना प्रवेश देताना कागदांची अंतिम तारीख लिहून द्या आणि ती पाळा.

युरोपीय संघातल्या एका देशाचा विद्यार्थी-परवाना असलेल्याला २०१६/८०१ या निर्देशामुळे दुसऱ्या सदस्य देशात ३६० दिवसांपर्यंत शिकायला जाता येतं, पण विद्यार्थी संघाच्या किंवा बहुदेशीय कार्यक्रमाखाली, किंवा संस्थांमधल्या कराराखाली येत असला तरच. म्हणून कराराच्या मजकुरात हा प्रवास नाव घेऊन नोंदवा. नॉर्वे संघाबाहेर आहे, त्याला हा निर्देश लागू नाही. तिथला परवाना वेगळा काढावा लागतो.

उलट बाजूही विसरू नका: १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या विद्यार्थी-व्हिसावर भारतात येणाऱ्याला पोचल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंदणी करावी लागते. हे काम कोणाचं, ते नावानिशी ठरवा.

टप्पा ६ : गुण, ग्रेड आणि एटीकेटी

नॉर्वेत ए ते एफ. इटलीत ३० पैकी, उत्तीर्ण व्हायला १८. पोर्तुगालमध्ये २० पैकी १०. नेदरलँड्समध्ये दहापैकी, पण तिथे ९ क्वचित मिळतात आणि ८ म्हणजे उत्तम. आपल्याकडे दहाच्या मोजणीत ८ ही सामान्य चांगली श्रेणी. सरळ त्रैराशिक मांडलं तर नायमेखनला जाऊन आलेल्या विद्यार्थ्याचं नुकसान होतं. प्रत्येक विद्यापीठात मागच्या काही वर्षांत कोणती श्रेणी किती टक्के विद्यार्थ्यांना मिळाली याचा तक्ता मागवा आणि त्यावरून रूपांतर ठरवा. ईसीटीएसच्या मार्गदर्शिकेत हीच पद्धत दिली आहे.

इशारा : नापास झालेला विद्यार्थी पुढच्या सत्रात दुसऱ्या देशात असतो. फेरपरीक्षा कुठे, कोणाच्या देखरेखीखाली, किती विषय सोबत घेऊन पुढे जाता येईल, हे आधी लिहिलेलं नसेल तर पहिल्याच तुकडीत भांडण होतं. मधेच सोडणाऱ्याला कोणतं प्रमाणपत्र मिळेल आणि त्याचे श्रेयांक पुढे कुठे चालतील, हे सांगणं आयोगाच्या नियमांनुसारही बंधनकारक आहे.

टप्पा ७ : पैसा

शिष्यवृत्तीवर सगळा डोलारा उभा करू नका. इरॅस्मस मुंडस संयुक्त मास्टर्ससाठी तीन वेगवेगळ्या देशांतल्या किमान तीन उच्च शिक्षण संस्था लागतात, त्यांतले दोन देश युरोपीय संघातले किंवा कार्यक्रमाशी संलग्न. शिष्यवृत्ती महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. पण एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एका राष्ट्रीयत्वाच्या विद्यार्थ्यांना १० टक्क्यांहून जास्त देता येत नाहीत. 'आमच्या मुलांना युरोपचे पैसे मिळतील' असं पालकसभेत सांगण्याआधी ही अट वाचा.

अजून अभ्यासक्रम आकारालाच आलेला नसेल तर आधी याच योजनेतल्या रचना-सहाय्यासाठी अर्ज करा. ते १५ महिन्यांचं असतं आणि नेमकं वरच्या सहा टप्प्यांसाठीच असतं.

शिष्यवृत्तीशिवाय येणाऱ्याचा पूर्ण खर्च एका तक्त्यात मांडा: शुल्क, विमा, परवाने, दोन-तीन वेळचा प्रवास, घरभाड्याची अनामत. नॉर्वेत २०२३च्या शरद सत्रापासून युरोपीय आर्थिक क्षेत्र आणि स्वित्झर्लंड यांबाहेरच्या नव्या विद्यार्थ्यांना शुल्क लागू झालं आहे. जुन्या माहितीपत्रकांवर विसंबू नका.

टप्पा ८ : मंजुऱ्या, आणि मग करार

आपल्याकडचा क्रम: अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद. प्रत्येक बैठकीची तारीख आधीच विचारून घ्या, कारण एक बैठक हुकली की काही महिने जातात. युरोपीय बाजूला संयुक्त अभ्यासक्रमांच्या गुणवत्तेसाठी २०१५ साली येरेव्हानमधल्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत मान्य झालेली समान पद्धत आहे. तिच्यामुळे प्रत्येक देशात वेगळं मूल्यांकन टाळता येतं, पण तिथला कायदा ती मान्य करतो का, हे भागीदारानं लेखी कळवायला हवं.

करारावर सही या सगळ्यानंतर. त्यात किमान एवढं हवं: सत्रास सत्र समानता, ग्रेडचा तक्ता, फेरपरीक्षा, प्रबंधाचं दुहेरी मार्गदर्शन, विद्यार्थ्यांच्या मॉडेलांवर आणि माहितीवर हक्क कोणाचा, प्रमाणपत्राचा नमुना, आणि भागीदार मधेच बाहेर पडला तर चालू तुकडीचं काय. शेवटचं कलम लिहायला सगळ्यांना अवघड वाटतं, तरी ते गाळू नका.

टप्पा ९ : पहिली तुकडी

छोटी ठेवा. प्रवेशासाठी टबाच्या प्रश्नासारखी अर्ध्या तासाची आलेख-परीक्षा घ्या. पदवीच्या टक्क्यांपेक्षा ती जास्त सांगते. अर्थशास्त्र, कृषी, समाजकार्य अशा शाखांच्या मुलांना दार उघडं ठेवा, आणि ज्यांचं गणित कच्चं आहे त्यांच्यासाठी सत्राआधी तीन आठवड्यांचा वर्ग ठेवा.

पहिल्या सत्राच्या शेवटी सगळ्या विद्यापीठांच्या शिक्षकांनी विद्यार्थ्यांची मॉडेलं एकत्र उघडून पाहावीत. एककं जुळत नसतील, साठे उणे जात असतील, तर पुढच्या सत्राचं वेळापत्रक त्याच बैठकीत बदला आणि बदललेलं हस्तांतर-पत्रक त्याच संध्याकाळी पाठवा.